पंचेचाळीस ग्रॅमचा प्रश्न

इंग्रजीतील 'कपॅसिटन्स' या संज्ञेला मराठी परिभाषेने 'धारिता' असा प्रतिशब्द दिला आहे. परिभाषेतले पुष्कळसे शब्द कोशाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच वारतात; हा मात्र मला पहिल्यापासून आवडत आला. 'धृ' धातूपासून निघालेली धरण, धारणा, धर्म ही मंडळी आपल्या बोलण्यात रोज वावरत असल्यामुळे त्यांच्या पंगतीत धारिता उपरी वाटत नाही. दोन वाहक एकमेकांना न शिवता शेजारी उभे राहिले तर त्यांच्यामध्ये किती विद्युतभार धरून ठेवता येईल, याचे हे माप. 'न शिवता' हे महत्त्वाचे. कारण गेले दीड वर्ष ज्या वस्तूविषयी मी वाचते आहे, लोकांना विचारते आहे आणि घरच्यांच्या चेष्टेचा विषय होते आहे, ती वस्तू याच 'न शिवण्या'वर चालते. धारितेच्या खटक्यांचा कळफलक, ही ती वस्तू.

मराठीच्या प्राध्यापिकेला याची उठाठेव कशासाठी, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर एका लोखंडी कपाटात आहे.

माझ्या एम.ए.च्या सरांनी चाळीस वर्षे सोलापूरच्या विणकामाचे शब्द गोळा केले. ते ज्या पूर्व भागात राहतात तिथे भिंतीपलीकडे अजून यंत्रमागांची खडखड चालू असते, आणि त्या खडखडीत मराठी, तेलुगू, कन्नड या तीन भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदतात. सरांनी प्रत्येक शब्द पोस्टकार्डाएवढ्या एकेका कार्डावर लिहिला: उच्चार, अर्थ, कोणाच्या तोंडून ऐकला, कोणत्या पेठेत, शेजारच्या दोन भाषांत त्याला काय म्हणतात. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत भरलेली ही कार्डे साडेआठ हजारांच्या वर आहेत. छापायला कोणी तयार झाले नाही, ही गोष्ट निराळी. पण ती संगणकावर आली तर निदान राहतील, असे ठरले, आणि ते काम माझ्याकडे आले. त्याच सुमारास सरांच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चालल्याचे निदान झाले. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. अक्षर समोर धरावे तर तेच नाहीसे होते. पहिली काही महिने मी टंकलेले पान मोठ्या अक्षरांत छापून नेई आणि ते भिंगातून तपासत. आता तेही होत नाही. आता मी कार्ड वाचते, ते ऐकतात, दुरुस्ती सांगतात. कार्डांवरचे कित्येक संक्षेप त्यांच्याखेरीज कोणालाही उलगडणारे नाहीत. तेव्हा हे काम त्यांच्या हयातीत आणि त्यांची स्मृती शाबूत असेतो व्हायला हवे.

आणि नेमक्या याच वेळी माझा उजवा हात कुरकुरू लागला. करंगळी, तिच्याखालची तळहाताची कड, मग मनगट. डॉक्टरांनी पट्टा दिला, व्यायाम दिले, आणि टंकन निम्म्यावर आणा असे सांगितले. निम्म्यावर आणले असते तर कार्डे संपायला आणखी चार वर्षे लागली असती. सरांचे वय त्र्याऐंशी.

करंगळीच का, हा प्रश्न मला भाषेच्या विद्यार्थिनीला शोभेल असा वाटला आणि मी तो जरा मनावर घेतला. मी इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकते. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेली ही मांडणी. देवनागरीपासून तमिळपर्यंतच्या सर्व लिप्यांना एकच बैठक देणारी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, आणि म, न, व, ण अशी थोडी अक्षरे सोडता व्यंजने उजव्या हाताला. 'सोलापूर' लिहून पाहावे. स उजवा, ओकार डावा, ल उजवा, काना डावा, प उजवा, ऊकार डावा, र उजवा. सात कळा, हात एकाआड एक, शिफ्टची गरज एकदाही नाही. मागावरचा धोटा जसा या टोकाहून त्या टोकाला जातो तसेच हे. आमच्या 'जुळे'मध्ये मात्र ळ आहे, आणि ळसाठी शिफ्ट दाबावे लागते. गावाच्या मूळ नावाला कष्ट नाहीत, विस्ताराला आहेत, असे मी एकदा वर्गात म्हटले तेव्हा विजापूर रस्त्यावरून रोज खड्डे चुकवत येणारी मुले मनापासून हसली होती.

आता 'च्या' हा प्रत्यय घ्या. मराठी गद्याचे पान त्याच्यावाचून पुढे सरकत नाही. च उजव्या करंगळीचा, पाय मोडण्याची खूण डाव्या मधल्या बोटाची, य पुन्हा उजव्या करंगळीचा, काना पुन्हा डाव्या मधल्या बोटाचा. म्हणजे दर 'च्या'मागे उजवी करंगळी दोन वेळा. ज, ट, ड हेही तिचेच. शिवाय अ, आ, इ हे स्वतंत्र स्वर डाव्या हाताला असल्याने त्यांच्यासाठी शिफ्ट दाबायचे ते उजवीकडचे, म्हणजे पुन्हा तीच. 'आणि' हे मराठीतले सर्वात निरुपद्रवी अव्यय. त्यात आ आणि ण दोन्ही शिफ्टचे, दोन्ही वेळा उजवी करंगळी. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या उजव्या करंगळीला पी आणि विरामचिन्हे यांपलीकडे फारसे काही करावे लागत नाही. मराठी लिहिणाऱ्याची करंगळी घरातल्या धाकट्या सुनेसारखी सगळ्यांच्या हाकेला धावते. मांडणी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. सर्व भारतीय भाषांसाठी एक बैठक ठरवायची तर कोणत्या तरी भाषेच्या कोणत्या तरी बोटाने किंमत मोजायचीच. आणि त्या एकाच बैठकीचा सरांच्या कार्डांना जो उपयोग झाला तो मोलाचा आहे. मागाला तेलुगूत 'मग्गं' म्हणतात, कन्नडात 'मग्ग'. संगणकाची भाषा बदलली की त्याच कळा त्याच क्रमाने दाबून तेलुगू 'मग्गं' तेलुगू लिपीत उमटते, आणि शेवटचा अनुस्वार गाळून तेच कन्नड लिपीत. बोटांना नवीन काही शिकावे लागत नाही. तीन लिप्यांचे गाव असलेल्या सोलापूरला इतकी सोयीची दुसरी पद्धत मला ठाऊक नाही.

तेव्हा मांडणी बदलायची नाही, काम कमी करायचे नाही. उरली ती कळ. एक कळ दाबायला किती जोर लागतो?

माझ्या पिढीचे पहिले टंकन लोखंडावर झाले. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र काढले आणि पुढची पाच दशके कचेऱ्या, कोर्टाचे आवार आणि टायपिंग इन्स्टिट्यूट या यंत्रांच्या आवाजाने भरून राहिल्या. मराठी तीस शब्दांची सरकारी परीक्षा मी बी.ए.ला असताना अशाच एका यंत्रावर दिली. तिथे कळ म्हणजे तरफ होती. बोटाने खिळा उचलायचा आणि फितीवर आदळायचा. करंगळीने उमटवलेले अक्षर नेहमी फिके येई आणि आमचे मास्तर कागद उजेडाकडे धरून कोणत्या मुलीची करंगळी आळशी आहे ते सांगत. त्या यंत्रावर वर्षभर काढलेल्या माणसाने ग्रॅमच्या गोष्टी कराव्यात हे हास्यास्पद वाटेल. पण त्या यंत्रावर ओळ संपली की हात उचलून गाडा ढकलावा लागे, पान संपले की कागद बदलावा लागे. हाताला अधूनमधून निराळे काम मिळे. संगणकाने ही सारी विश्रांती काढून घेतली आणि बदल्यात कळ हलकी केली. हा सौदा कोणाच्या फायद्याचा, ते ज्याने त्याने आपल्या मनगटाला विचारावे.

संगणकाबरोबर येतो तो चारपाचशे रुपयांचा कळफलक आतून रबराचा असतो. प्रत्येक कळीखाली एक रबरी घुमटी. कळ दाबली की घुमटी ढासळते आणि खालच्या दोन पातळ पापुद्र्यांवरची वाहक ठिकाणे एकमेकांना चिकटवते. चिकटल्याशिवाय अक्षर उमटत नाही. म्हणजे प्रत्येक अक्षराला बोट थेट तळापर्यंत नेऊन आपटावे लागते. नवा असताना हा कळफलक वाईट नसतो. वर्षा-दोन वर्षांत रबर थकते आणि प्रत्येक कळीचा स्वभाव वेगळा होतो.

त्याच्या वरची पायरी म्हणजे धातूच्या खटक्यांचा कळफलक. आपल्याकडे तो बहुतेकांना टीव्हीएस गोल्ड या नावाने माहीत आहे. जर्मनीतल्या चेरी कंपनीचे निळे खटके बसवलेला हा कळफलक आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि दुकानांत वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि माझ्या मते भारतात सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेला हा पहिला खरा चांगला कळफलक. आत स्प्रिंग असते, कळ साधारण अर्ध्या वाटेवर गेली की 'टिक्' असा आवाज होतो आणि अक्षर उमटते. तळ गाठावा लागत नाही. दणकट इतका की एकदा घेतला की मुलीच्या लग्नापर्यंत पाहायला नको. मात्र त्याला जोर लागतो तो पन्नास ते साठ ग्रॅमच्या आसपास, आणि आवाज तर शेजारच्या घरात जातो. तिशीतल्या तडफदार कारकुनाला तो उत्तम. माझ्या करंगळीला आता तो नको होता.

या टप्प्यावर माझा एक जुना विद्यार्थी कथेत येतो. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत असूनही हट्टाने मराठी घेतलेला, आता पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीने त्याला दोन वर्षे टोकियोला पाठवले होते. परत येताना त्याने रिअलफोर्स नावाचा एक कळफलक आणला. दिवाळीत सोलापूरला आला तेव्हा माझ्या मनगटावरचा पट्टा पाहून म्हणाला, "मॅडम, तुम्ही हा दोन महिने वापरून बघा. आवडला नाही तर परत करा. आवडला तरी परत करा, कारण तो माझाही लाडका आहे."

तर हा धारितेचा खटका. टोप्रे ही जपानी कंपनी मूळची मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी. कळफलक हा तिचा जोडधंदा. २००१ साली तिने रिअलफोर्स बाजारात आणला. याच्या कळीखालीही रबरी घुमटीच असते, पण घुमटीच्या पोटात शंकूच्या आकाराची एक बारीक स्प्रिंग बसवलेली असते आणि तिच्याखाली सर्किटच्या पाटीवर तांब्याच्या दोन लहान चकत्या. कळ दाबताना स्प्रिंग आकसते आणि त्या चकत्यांमधली धारिता बदलते. आतली चिप ती सतत मोजत असते. ठरलेली सीमा ओलांडली की अक्षर नोंदवते. काही कशाला चिकटत नाही, धातूवर धातू घासत नाही. म्हणून झिजायला संपर्कबिंदूच नाही, आणि एका दाबात दोन अक्षरे उमटण्याचा दोषही जवळजवळ नाही. बोटाला जो स्पर्श जाणवतो तो जवळपास सगळा रबराचा. स्प्रिंगचे काम फक्त खबर देण्याचे. गंमत अशी, की घुमटी तीच, जी चारशे रुपयांच्या कळफलकात असते. फरक इतकाच, की तिथे तिला विजेचा संपर्कही जुळवावा लागतो आणि इथे फक्त बोटाशी नीट वागावे लागते. एकाच माणसाकडून दोन कामे करून घेतली की दोन्ही कशी होतात, हे महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

हा शोध एकट्या जपान्यांचा आहे असेही नाही. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्या कळफलकातही धारितेचेच तत्त्व होते, जाड स्प्रिंगच्या जोडीने. चारपाच वर्षांत त्यांनी ते सोडून पापुद्र्यांची रचना घेतली, कारण ती स्वस्त पडत होती. म्हणजे आज जे चैनीचे म्हणून विकले जाते ते एके काळी कचेरीतल्या साध्या संगणकाबरोबर मिळत होते. वस्तूंच्या इतिहासात हे वारंवार दिसते. हातमागावरचे लुगडे एके काळी रोजचे वस्त्र होते.

जपानी कळफलकांविषयी बोलताना एइची वादा या टोकियो विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे नाव घ्यायलाच हवे. त्यांच्या कल्पनेतून १९९६ साली 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' निघाला आणि २००३ साली त्याला टोप्रेचे खटके बसले. साठच कळा. अमेरिकी गुराखी घोडा मेला तर त्याला तिथेच सोडतो, पण खोगीर काढून बरोबर नेतो. संगणक हे घोड्यासारखे, कळफलक खोगिरासारखा, असा त्यांचा युक्तिवाद होता. खोगीरभरती हा शब्द निंदेने वापरणाऱ्या भाषेत वाढलेल्या मला ही खोगिराची थोरवी ऐकून बरे वाटले.

असो. विद्यार्थ्याचा रिअलफोर्स मी दोन महिने वापरला. त्यात एक विशेष होता: करंगळीने दाबायच्या कळा तीस ग्रॅमच्या, बाकी बहुतेक पंचेचाळीसच्या. जपानात बसून कोणी 'च्या' प्रत्ययाचा विचार केला नसणार, तरी माझ्या च, ज आणि य यांना त्यांनी अचूक हलके केले होते. पहिले दोन दिवस अक्षरे नकळत उमटत राहिली, कारण बोट नुसते टेकले तरी कळ खाली जाई. तिसऱ्या दिवसापासून हात शांत झाला. त्या कळीचा स्पर्श शब्दांत सांगणे कठीण. आधी किंचित अडते, मग गोलाईने खाली जाते आणि तळाशी मऊ 'थप्' असा आवाज होतो. नीट भिजवलेल्या कणकेवर अंगठा टेकवावा तसे काहीसे. एका कार्डाला मला सरासरी तीनशे कळा दाबाव्या लागतात. दिवसाला वीस कार्डे धरली तर सहा हजार. प्रत्येक कळीमागे पंधरा ग्रॅम वाचले तर दिवसाचे नव्वद किलो झाले, असा हिशेब मी भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला दाखवला. ग्रॅम असे बेरजेने वाढत नसतात, असे त्याने बरेच समजावून सांगितले. माझ्या हाताला त्याचा युक्तिवाद पटला नाही. सहा आठवड्यांनी पट्टा फक्त रात्री बांधावा लागू लागला. याचे सगळे श्रेय कळफलकाला देणे बरोबर नाही. व्यायामही मी इमानाने करत होते.

परत देण्याची वेळ आली तेव्हा मी किमती पाहिल्या. टोप्रेच्या खटक्यांचे कळफलक साधारण सव्वादोनशे ते साडेतीनशे डॉलरच्या घरात. वर टपाल, वर जकात. तेव्हा निझ या चिनी कंपनीच्या कळफलकाची माहिती विद्यार्थ्यानेच दिली. पूर्वी हेच 'प्लम' नावाने विकले जात. तत्त्व तेच: घुमटी, शंकूची स्प्रिंग, धारिता. किंमत निम्म्याच्या जरा वर. सर्व खर्च धरून मला तो साडेतेरा हजारांना घरपोच पडला.

दोघांत फरक काय? आठवडाभर दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून मी 'त' आणि 'थ'ची कार्डे आलटून पालटून टंकली. निझची कळ पस्तीस ग्रॅमची, एकसारखी हलकी. सोबत बारीक जादा स्प्रिंगांची पुडी येते, त्या घातल्या की कळ दहा ग्रॅमने जड होते. मी त्या फक्त डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांखाली घातल्या. मात्रा जरा ठामपणे पडलेल्या बऱ्या वाटतात. ही मुभा जपानी कळफलकात नाही. त्याचे वजन त्यांनी ठरवले ते ठरवले. निझच्या कळीवरची टोपी चेरीच्या मापाची असते, त्यामुळे दुसऱ्या टोप्या बसतात. टोप्रेच्या मूळच्या दांड्याला त्या बसत नाहीत. वस्तू म्हणून पाहिले तर चिनी कळफलक अधिक मोकळ्या मनाचा आहे.

स्पर्शात मात्र तो मागे पडतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. टोप्रेच्या कळीला सुरुवातीचे जे अडणे आहे आणि मग जी गोलाई आहे, ती निझमध्ये पुसट झाली आहे. कळ हलकी आहे, गुळगुळीत आहे, पण तिला स्वतःचे म्हणणे थोडे कमी आहे. आमच्याकडे चादरीच्या दुकानात जुना गिऱ्हाईक घडी न उलगडता नुसती चिमटीत धरून सांगतो की सूत कोणते. तसा हा फरक आहे. चिमटीत कळतो. अंगावर घेतल्यावर ऊब तेवढीच. तासाभरानंतर मी कोणत्या कळफलकावर टंकते आहे याचा मला विसर पडे, आणि संध्याकाळी हात पाहिला तर दोन्हीकडे सारखाच. रसिक म्हणून विचाराल तर रिअलफोर्स. साडेआठ हजार कार्डे समोर ठेवून विचाराल तर निझ, आणि उरलेल्या पैशांत लेसर प्रिंटरची शाई.

मात्र 'परवडणारा' हा शब्द इथे जपून वापरायला हवा. या विषयावर इंग्रजीत जे लिहिले जाते त्यात शंभर-दीडशे डॉलरच्या वस्तूला बिनदिक्कत 'अफोर्डेबल' म्हणतात. माझी एक तरुण सहकारी या कामात मदत करते. नेट झालेली, हुशार, तासिका तत्त्वावर शिकवणारी. तिला सुट्ट्यांचे मानधन मिळत नाही, आणि जे मिळते ते कधी मिळेल सांगता येत नाही. तिच्या दृष्टीने साडेतेरा हजारांचा कळफलक आणि तीस हजारांचा कळफलक यांत तत्त्वतः काही फरक नाही; दोन्ही दुसऱ्यांचे. स्वस्त आणि महाग यांची तुलना ज्यांना दोन्ही घेता येतात त्यांच्यासाठीच असते. तिच्यासाठी मी काय सुचवले, तर जुना टीव्हीएस गोल्ड, नवी पेठेतून दुरुस्त करून आणलेला. पंचविशीतली बोटे आहेत. तिला तो झेपतो. शिवाय तिला अजून अक्षरे बघून टंकावे लागते, आणि टोप्रे काय किंवा निझ काय, दोघांच्याही कळांवर देवनागरी नाही. देवनागरी छापलेले मिळतात ते बहुतेक साधे रबरी. सव्वीस-सत्तावीस वर्षे बोटांच्या स्मरणावर टंकणाऱ्यांची सोय आहे, नव्याने शिकणाऱ्या मुलीची नाही, हे मला खटकते. तिच्या टीव्हीएसवर आम्ही पारदर्शक चिकटपट्टीवरची अक्षरे लावली; एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा बेचाळिसाच्या वर गेला तेव्हा ळ आणि ण घसरून शेजारी गेले. ते तिने नेलपॉलिशने पुन्हा लिहून घेतले.

आवाजाचे सांगायचे राहिले. नवा कळफलक घेऊन मी पहिल्यांदा सरांकडे गेले तेव्हा मला वाटले होते की ते खूश होतील. पूर्वीच्या खडखडीत त्यांना माझे वाचणे नीट ऐकू येत नसे. पहिल्या कार्डाला मी वाचले, त्यांनी अर्थ सांगितला, मी टंकला आणि थांबले. तेही थांबले. बराच वेळ दोघेही गप्प. मग म्हणाले, "लिहून झालं का गं?" पुढच्या कार्डाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. आधीच्या कळफलकाचा आवाज थांबला की त्यांना कळत असे, आता पुढचे सांगायचे. दिसत नसलेल्या माणसाला तेवढाच एक धागा होता आणि मी तो तोडला होता. लहानपणी वडिलांच्या हाताखाली कांड्या भरत असताना सरांनी मागाच्या आवाजावरून सूत तुटल्याचे ओळखायला शिकले होते. माग बंद पडण्याआधी त्याची लय बदलते, असे ते सांगतात. त्यांना शांतता नको होती.

त्यावर तोडगा आम्ही असा काढला, की शब्द टंकून झाला की मी तो मोठ्याने म्हणायचा. वेळ थोडा जास्त लागतो. पण त्यातून एक निराळाच लाभ झाला. मी म्हटलेला शब्द ऐकून सर उच्चार सुधारतात. कार्डावर जे लिहून ठेवता आले नव्हते, एखादा ऱ्हस्व ए, एखादा किंचित दाबलेला ल, ते आता शेऱ्यात येते. काही वेळा भिंतीपलीकडून आवाज देऊन शेजारच्या आजींनाही विचारले जाते आणि त्या तेलुगूत सरांशी वाद घालतात. मला निम्मे कळते. निम्मे मी देवनागरीत टिपून घेते आणि घरी आल्यावर नीट लावते.

रिअलफोर्स मी संक्रांतीला परत पाठवला, सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या. विद्यार्थ्याने कळवले की भाकऱ्यांचा चुरा झाला, पण चटणीसकट संपवला. आणि कळफलक पूर्वीपेक्षा मऊ लागतो आहे, असेही. तो नक्की काय म्हणत होता ते मी विचारले नाही.

सध्या आम्ही 'फ'च्या खोक्यात आहोत. 'फणी' या एका शब्दाची चौदा कार्डे निघाली. फ शिफ्टचा, ण शिफ्टचा. दातांच्या संख्येवरून पडलेली नावे, बांबूची आणि लोखंडाची यांना वेगळे शब्द, फणी मोडल्यावर म्हणायची एक शिवी, जी छापावी की नाही यावर आमचे एकमत झालेले नाही. तेराव्या कार्डावर सरांच्या हातचे पेन्सिलीने काढलेले नुसते प्रश्नचिन्ह आहे. ते कशाबद्दल होते, हे मी विचारले. त्यांनी कार्ड मागून घेतले, डोळ्यांच्या कडेने पाहण्यासाठी मान वळवून बराच वेळ धरले, आणि म्हणाले, "असू दे, तसंच टाक." मी प्रश्नचिन्ह टंकले आणि 'प्रश्नचिन्ह' असे मोठ्याने म्हटले.